उत्तरेच्या बाजूचं पाणी

मी आयुष्यभर नकाशे काढले. लोकांना वाटतं, नकाशा काढणारा जे दिसतं ते काढतो. तसं नसतं. काय सोडायचं हे ज्याला कळतं तो चांगला नक्शानवीस, असं माझे वस्ताद म्हणत, आणि मी चांगला होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. माझ्या हातून उतरलेला सगळ्यात देखणा कागद एका मठाचा होता, आणि त्या कागदावर मी एक खोटी गोष्ट काढली.

उज्जैनहून नदीच्या वरच्या अंगाला क्षिप्रेच्या पात्रात काळ्या खडकाचा एक टापू आहे. देवास गेटहून टांगा करायचा, शेवटचे दोन मैल पायी जायचं आणि मग होडी. त्या टापूवर कित्येक शतकांपूर्वीचा दगडी मठ. मधोमध फरसबंद चौक, चौकाभोवती खांबांची ओसरी, ओसरीला लागून संन्याशांच्या चौदा खोल्या. दक्षिणेला देऊळ, पूर्वेला नदीत उतरणारा घाट, पश्चिमेला पंगतीचं लांबलचक दालन आणि उत्तरेला मागचं दार. चुना कुठंही नाही; दगडावर दगड नुसते बसवलेले, आणि तरी सुरी जाणार नाही अशा फटी.

त्या मागच्या दाराबाहेर माझी आत्या राहत असे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घराणं दरबाराबरोबर दक्षिणेतून इकडं आलेल्या कारकुनांचं. पिढ्यान्पिढ्या बोरू घासला, बाकी काही केलं नाही. आत्या पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली. घरची माणसं वाईट नव्हती, पण ती सगळ्यांच्या नंतर जेवायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची, आणि हे असंच असतं अशी सगळ्यांची समजूत होती. एका चातुर्मासात ती कुणाच्या तरी सोबतीनं टापूवर सेवेला गेली. तिथल्या महंतांना तिच्या हातची आमटी आवडली. चातुर्मास संपला, सोबतीण परत आली, आत्या आली नाही. वडील आणायला गेले तेव्हा म्हणाली, "तिकडं मला कुणी हाक मारत नाही रे, काम सांगतात. इथं लोक हाक मारतात."

मठाचा नियम असा की दिवेलागणीनंतर बाईमाणसानं आत थांबायचं नाही. म्हणून महंतांनी तिला उत्तरेच्या दाराबाहेर, मठाच्या भिंतीला लागूनच, एक स्वयंपाकघर आणि निजायची खोली बांधून दिली. विटांच्या भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. तिथं तिनं तीस वर्षं चूल पेटवली. यात्रेकरू तिला माताराम म्हणत. पुढं महंत गेले, त्यांचा एकुलता एक शिष्य हरिद्वारला गेला तो गेलाच, आणि स्वातंत्र्य आलं तेव्हा मठात दिवा लावणारं माणूस म्हणजे फक्त माझी आत्या उरली होती.

संस्थानं विलीन झाली आणि आमचं मध्यभारत झालं. सरकार थंडीत ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायली बैलगाडीतल्या पाहुण्यांसारख्या इकडून तिकडं. त्या धांदलीत कुणाला तरी सुबुद्धी सुचली की जुन्या इमारतींची मोजणी करून त्या सरकारी संरक्षणाखाली घ्याव्यात. मठाचं काम माझ्याकडं आलं. मला आनंद झाला. त्या थंडीत मी मोजणीचा फीता धरायला एक म्हातारा जमादार घेऊन पंधराएक वेळा टापूवर गेलो असेन.

पहिल्याच दिवशी खोलीच्या चौकटीला कपाळ आपटलं. दारं छातीएवढीच उंच. आत्या मागं उभी होती, हसली आणि म्हणाली, "इथं वाकल्याबगैर कुणाला आत घेत नाहीत. तू तर सरकारी माणूस, तुला दोनदा वाकायला लागेल." मग चुलीवरची गरम राख फडक्यात बांधून तिनं माझं कपाळ शेकलं.

मी मोजत होतो आणि ती सांगत होती. खरं म्हणजे मला तो मठ तिनंच शिकवला, फीत्यानं नाही. चौथऱ्याची दक्षिणेची बाजू होडीच्या टोकासारखी निमुळती का, हे मला कळेना. वहीत मी 'नंतरची दुरुस्ती' असं लिहूनही टाकलं होतं. आत्या म्हणाली, "दुरुस्ती कसली? नदी तिकडून येते ना. तिथं तिचे दोन भाग होतात, दोन्ही बाजूंनी निघून जाते. म्हणून तर माझ्याकडं, मागच्या अंगाला, पुरातसुद्धा शांत असतं." चौथऱ्यात हातभर रुंद भोकं होती. मी ती सांडपाण्याची समजलो.

"अरे, ती नदीसाठी आहेत," ती म्हणाली. "पाणी चढलं की त्यातून चौकात येतं, आणि उतरलं की त्यातूनच जातं. अडवलं असतं तर भिंत पाडून आत आलं असतं. पाहुण्याला दार उघडं ठेवलं की पाहुणा नीट वागतो. आधी सातव्या कमऱ्यात येतं, मग आठव्या. मला मालूम आहे, मी दर साली तिथलं सामान उचलते."

वरच्या मजल्यावर एक बिनखिडकीची खोली होती. तिच्या समोरासमोरच्या भिंतींत, छताच्या जरा खाली, दोन-दोन भोकं. आमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं तर त्यांनी इंग्रजीत चार तर्क सांगितले. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "दोर ओवायला. दोराला झोळी, झोळीत पोथ्या. वाळवी भिंतीनं चढते, दोरानं उतरत नाही. महंतांनी सांगितलं होतं." ती सही न करता अंगठा उठवणारी बाई, आणि पोथ्या कशा जपायच्या ते तिला ठाऊक. प्रत्येक खोलीची खिडकी अशी बेतलेली की आत बसलेल्याला नदी दिसावी, दुसऱ्याची खिडकी दिसू नये, हेही तिनंच दाखवलं. मी मोजून पाहिलं. चौदाही खिडक्यांचं गणित बरोबर होतं.

शेवटच्या फेरीच्या दिवशी तिनं बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. मी जेवत होतो, ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "सगळं काढलंस?"

"सगळं."

"ती भोकंसुद्धा?"

"भोकंसुद्धा."

मग लाकूड आत सारत, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "आणि माझी चूल? ती काढशील ना?"

"काढेन की," मी म्हटलं.

तिच्या दोन खोल्यांना मी तोवर फीता लावला नव्हता. उशीर झाला होता, जमादार घाटावर खोळंबला होता, नाववाला हाका मारत होता. पुढल्या खेपेला लावू, असं मनात म्हटलं, आणि पुढली खेप झाली नाही.

आमच्या कामाची रीत अशी. मूळ बांधकाम भरीव काळ्या रेषेनं दाखवायचं. नंतर कुणी काही जोडलं असेल तर ते तुटक रेषेनं दाखवायचं, किंवा फारच फुटकळ असेल तर सोडून द्यायचं. साहेब म्हणाले होते, "नक्शा साफ़ होना चाहिए, पुराना काम पहले दिखे." त्यांनी सोडून दे असं सांगितलं नव्हतं. ते माझ्यावर होतं.

मी टेबलावर कागद ताणून बसवला. मठ उतरत गेला तसा मी त्याच्या प्रेमात पडत गेलो. काय नेमका बेत होता तो. चौक, ओसरी, खोल्या, निमुळतं टोक, सगळं एका दोरीत. आणि त्या नेमक्या आकृतीला उत्तरेकडं चिकटलेली एक वेडीवाकडी तुटक चौकोनी शेपटी काढायची म्हणजे सोन्याच्या ताटाला कुडाची मेख. आज हे लिहिताना हात थबकतो, पण तेव्हा माझ्या मनात हेच शब्द आले होते.

शिवाय दुसरं भय होतं. सरकारी कागदावर स्वतःच्या आत्याचं घर चढवलं, असं ऑफिसात कुणी म्हटलं तर? आणि तिसरं कारण, ज्याचा मी सगळ्यात जास्त आधार घेतला: कागदावर नसलं तर कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, बिचारी सुखानं राहील. माणसाला चूक करायची असली की चांगली कारणं हात जोडून उभी राहतात.

मी तिच्या खोल्या सोडल्या. सोडल्यावर तिथं कागद रिकामा दिसू लागला, तोल साधेना. बाकी तीन बाजूंना मी नदीच्या बारीक लाटांच्या रेषा काढल्या होत्या. उत्तरेलाही काढल्या, थेट मठाच्या भिंतीपर्यंत. फार सुरेख दिसल्या. साहेबांनी पाठ थोपटली. मूळ कागद ग्वाल्हेरला गेला, एक प्रत मी पत्र्याच्या नळकांड्यात घालून घरी ठेवली.

पुढची सात-आठ वर्षं आत्या तिथंच राहिली. मी वर्षातून दोनदा जाई, डाळ-तांदूळ पोचवी. दर वेळी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "हा माझा भाचा. ह्यानं मठाचा नक्शा बनवला. सगळं आहे त्यात, माझी चूलसुद्धा." मी खाली बघत पायांतल्या वहाणा झटकत असे.

मग छप्पन साल आलं. मध्यभारतही गेलं, राजधानी भोपाळला गेली, आणि चार ठिकाणची माणसं एका यादीत बसवायचं काम सुरू झालं. कोण वर, कोण खाली, कुणाची बदली, कुणाला घरी बसवणार, या चिंतेनं ऑफिसात प्रत्येकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझी दोन मुलं शाळेत होती. अशा वेळी वरून एक चिठ्ठी आली: अमुक मठाच्या मूळ नकाशात नसलेलं बांधकाम आढळलं आहे, ते संरक्षणानंतर झालेलं दिसतं, नकाशा पूर्ण व बिनचूक असल्याचं करणाऱ्यानं लिहून द्यावं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुटक रेषेनं का होईना, ते घर कागदावर असतं तर ते आधीपासूनचं ठरलं असतं, आणि तिथं राहणाऱ्या माणसाला कुणी उठवलं नसतं. कागदावर नाही म्हणून ते नवं, आणि नवं म्हणून बेकायदा. तिला लपवायला म्हणून मी जे केलं, त्यानंच ती उघडी पडली.

नकाशा चुकला आहे, एवढंच मला लिहायचं होतं. एक ओळ. मी ती चिठ्ठी दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवली. यादी अजून पक्की झाली नव्हती. खोटा नकाशा देणाऱ्याला यादीत कुठं बसवतात हे मला पुरतं माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मी लिहून दिलं: नकाशा पूर्ण व बिनचूक आहे. अक्षर छान आलं होतं.

महिन्याभरात आत्या आमच्या दारात उभी राहिली. टांग्यातून एकटीच आली होती. एक गाठोडं, एक तांब्या आणि मठाच्या देवळातला निरांजनाचा दिवा. मी पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "पाडलं रे. कवेलू नीट उतरवून ठेवले म्हणतात, काय करायचे आहेत मला कवेलू. मी त्यांना सांगितलं, नक्शा बघा, माझ्या भाच्यानं बनवलाय, त्यात माझी चूल आहे. त्यांनी कागद उलगडला, बघितला आणि म्हणाले, नाही आहे. अरे, त्यांना नक्शा वाचताच येत नव्हता. पोरसवदा माणसं, शहरातली. तू उद्या ऑफिसात जा आणि त्यांना बोट ठेवून दाखव."

माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिला सगळं माहीत होतं. नळकांड्यातली ती प्रत तिनंच झाडूनपुसून जपली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला.

"जातो," मी म्हटलं.

गेलो नाही. आज साहेब नाहीत, उद्या भोपाळहून माणूस येणार, परवा सुट्टी, असं करत पावसाळा लागला. आत्या रोज संध्याकाळी विचारी. आमच्याकडं तिला काही कमी नव्हतं, पण ती पुन्हा सगळ्यांच्या नंतर जेवू लागली होती. बायको ताट वाढून बोलवायची, तर म्हणायची, "तुम्ही घ्या, मला भूक नाही." स्वयंपाकघरात शिरायची आणि दोन मिनिटांनी बाहेर यायची. तिथं स्टोव्ह होता. मी ऑफिसातून येताना दाराशी जरा रेंगाळत असे, ती झोपली असली तर बरं, असं वाटून. असं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

श्रावणातल्या एका दुपारी मी घरी होतो. क्षिप्रेला पूर होता. राम घाटावरच्या छत्र्या वाहून गेल्या म्हणून शेजारी सांगत होते. आत्या म्हणाली, "आता सातव्या कमऱ्यात पाणी आलं असेल. कुणी उचलायला नाही, पण सामान तरी कुठं आहे." मग म्हणाली, "तुझा नक्शा आहे ना इथं? काढ. मला एकदा बघू दे."

 बायकोनंच नळकांडं आणून दिलं.

मी कागद जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. आत्यानं चष्मा लावला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. मला वाटलं, नुसत्या रेघा दिसतील, चला, निभावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तेवढं चांदणंसुद्धा माझ्या मनात नव्हतं. मी आत्याला अडाणी समजत होतो.

तिनं बोट घाटावर टेकवलं. "ह्या सीढ्या," ती म्हणाली. मोजल्या. "बरोबर, एकवीस." बोट दारातून आत आलं, चौकात आलं, ओसरीवरून एकेका खोलीपुढं थांबत चाललं. एक, दोन, तीन. सातवीपाशी म्हणाली, "ही पाण्याची." पंगतीच्या दालनात शिरलं, त्याच्या कोपऱ्यातल्या दगडी कुंडीवर थांबलं. "हिच्यात खिचडी ओतायचो." तीस वर्षं जी जमीन तिनं रोज झाडली होती, ती जमीन तिला वाचता येणार नाही असं मला का वाटलं असेल? बोट चौक ओलांडून उत्तरेच्या दाराशी आलं. माझी बायको उठून खिडकीशी गेली. बोट दारातून बाहेर पडलं आणि थांबलं.

तिनं वाकून बघितलं. कागद थोडा स्वतःकडं वळवला, पुन्हा बघितलं. पाऊस एकसारखा पडत होता.

"हे काय काढलंयस?" तिनं विचारलं.

"लाटा," मी म्हटलं. "नदी."

"इथं?"

मी मान हलवली.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि एखाद्या मुलाचं चुकलेलं गणित दाखवावं तसं बोटानं त्या लाटा दाखवत म्हणाली, "अरे, इथं पाणी येत नाही. सांगितलं होतं ना तुला. पुढं तिचे दोन भाग होतात. तीस सालांत एकदासुद्धा इथवर पाणी आलं नाही."

"चुकलं, आत्या," मी म्हटलं.  त्या चिठ्ठीचंही मी सांगितलं, काय लिहून दिलं ते. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मग दुरुस्त कर," ती म्हणाली.

मी लाल शाई घेतली, पट्टी घेतली आणि कागदावर ओणवा झालो. तसाच राहिलो. काढणार काय? तिचं घर किती लांब, किती रुंद, मला ठाऊक नव्हतं. मठाच्या पोथ्यांच्या झोळीची भोकं मी इंचात मोजली होती, आणि जिथं पंधरा वेळा जेवलो ते घर मोजलं नव्हतं. आणि आता तिथं मोजायला काही उरलेलंही नव्हतं.

दुरुस्ती शेवटी झाली, आणि ती मी पुढं भोपाळला पाठवली, सोबत माफीचा अर्जही. बैल गेला आणि झोपा केला. उत्तर आलं नाही. माझं नाव यादीत होतं तिथंच राहिलं, कुणी एका जागेनंही खाली ढकललं नाही. कदाचित कुणी पाकीट उघडलंच नसेल. दिवाळीच्या आधी आत्या गेली.

पण त्या दुपारी माझी अडचण तिच्या लक्षात आली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. आमच्या पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "हे समज मागचं दार," ती म्हणाली, आणि पाऊल लावून चालू लागली, टाचेला अंगठा भिडवत. "इथं चूल. इथं पाणी. हा पाट्याचा दगड, इथून निजायची खोली." मी तिच्या मागून गुडघ्यांवर सरकत फीता लावत होतो आणि आकडे वहीत उतरवत होतो. बायकोनं खुर्ची बाजूला केली, मग ट्रंक, मग मुलांची दप्तरं. चालत चालत आत्या समोरच्या भिंतीशी पोचली. भाड्याची खोली ती, केवढी असणार. पुढं जायला जागा नव्हती.

तिनं भिंतीला हात लावला. 

"अजून दोन पावलं आहेत," ती म्हणाली. "ती लिही."

मी लिहिली.